पेशंट गेली आणि मला रडूच आलं नाही

पत्र थोडक्यात असं: ३४ वर्षांच्या एका ताई सोलापुरातल्या खासगी रुग्णालयात ११ वर्षं आयसीयूमध्ये स्टाफ नर्स आहेत. नाइटला एका नर्सकडे तीन पेशंट, त्यातले दोन व्हेंटिलेटरवर. मागच्या महिन्यात भाजलेली २२ वर्षांची मुलगी पहाटे चारला गेली. तिची आई तेलुगूत काहीतरी विचारत होती. ताई "डॉक्टरांशी बोला" म्हणाल्या आणि वळल्या. एमएलसीचे (पोलिसांना कळवायच्या केसचे) कागद झाले, बेड लावला, अर्ध्या तासात नवी ॲडमिशन घेतली, चहा प्यायल्या. काहीच वाटलं नाही. सकाळी घरी सहा वर्षांचा मुलगा तापानं कण्हत होता. त्याला त्या म्हणाल्या, "एवढ्यानं कोणी मरत नाही." तेव्हापासून झोप उडाली आहे. तव्यावर भाकरी करपली की तोच वास येतो आणि हात थांबतो. पैसे संपले म्हणून नातेवाईक डामा (डॉक्टरांच्या सल्ल्याविरुद्ध डिस्चार्ज) घेऊन पेशंट नेतात, तेव्हा राग नेमका कुणावर काढावा तेही कळत नाही. इन्चार्ज सिस्टर म्हणतात, इतक्या वर्षांत सवय व्हायला हवी होती. राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला आहे. नवऱ्याच्या चादरी-टॉवेलच्या दुकानात बसावं, असं मनात आहे. त्या विचारतात: माझ्यातली माया आटली का? नोकरी सोडू का?

ताई,

तुमच्या पत्रात त्या मुलीच्या जाण्याचा उल्लेख एकदाच येतो आणि "एवढ्यानं कोणी मरत नाही" हे वाक्य तीनदा. म्हणून आधी घरचं बोलू या, वॉर्डाकडे नंतर येऊ.

आज रात्री मुलाला जवळ घ्या आणि एवढंच सांगा, "त्या दिवशी तुला ताप होता आणि आई तुझ्यावर खेकसली. आई फार दमली होती. तुझं काही चुकलं नव्हतं." सहा वर्षांच्या पोराला एवढं पुरतं. आयसीयूत काय घडलं ते त्याला सांगू नका. भरपाई म्हणून खेळणं किंवा मोबाईलही देऊ नका, नाहीतर आपलं दुखलं की वस्तू मिळते एवढंच तो शिकेल. तो काही बोलला नाही तरी चालेल. मुलं असलं ऐकून घेतात आणि दोन दिवसांनी भलत्याच वेळी त्यावर बोलतात.

आता मायेचा प्रश्न. पहाटे चारला न आलेलं रडू आणि भाकरी करपल्यावर येणारा तो वास, ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत. त्या वेळी तुम्हाला मृत्यूची वेळ नोंदवायची होती, पोलिसांना खबर द्यायची होती, देह पोस्टमॉर्टेमला पाठवायची तयारी करायची होती, आणि शेजारच्या दोन बेडांवरचे अलार्म वाजतच होते. मनानं तेवढ्यापुरतं दार लावून घेतलं, म्हणून हात चालले. ते दार पुन्हा उघडायला मात्र कुणी पाच मिनिटंही दिली नाहीत. मग ते स्वयंपाकघरात, तव्यासमोर आपोआप उघडतं. माया खरंच आटली असती, तर भाकरी करपल्यावर फक्त भाकरीचा वास आला असता.

याला 'कम्पॅशन फटीग' म्हणतात, आपण करुणेचा थकवा म्हणू. अमेरिकेत कार्ला जॉइन्सन यांनी १९९२ मध्ये इमर्जन्सीतल्या नर्सेसबद्दल लिहिताना हा शब्द वापरला. १९९५ मध्ये चार्ल्स फिगली या मानसशास्त्रज्ञांचं पुस्तक आलं आणि तो सगळीकडे पोचला. शब्द उपयोगाचा आहे, पण त्यात एक खोट आहे. करुणा म्हणजे जणू घागर, ती ओतत राहिलं की रिकामी होणार, असं त्यातून वाटतं. मेंदूचा अभ्यास करणाऱ्या तानिया सिंगर आणि ओल्गा क्लिमेकी यांनी वेगळंच दाखवलं. दुसऱ्याची वेदना स्वतः भोगू लागलं की मेंदूत वेदनेशी जोडलेले भाग जागे होतात आणि माणूस खचतो. 'याचं बरं व्हावं, मी काय करू?' या वृत्तीचा सराव केला की जागे होणारे भाग वेगळे असतात. ते आपुलकीशी, समाधानाशी जोडलेले असतात. दमवते ती पहिली गोष्ट.

तेव्हा 'चांगली नर्स म्हणजे पेशंटचं दुःख आपलंसं करणारी' ही समजूत एकदा तपासून बघा. भाजलेल्या पेशंटच्या ड्रेसिंगला तिच्या किंकाळीबरोबर आतून फाटत जाणं तुमच्याकडून अपेक्षित नाही. वेदनाशामक ड्रेसिंगच्या पुरेसं आधी गेलंय का, त्याला चढायला वेळ मिळालाय का, हे बघणं अपेक्षित आहे. सुकलेल्या ओठांवर ओला बोळा फिरवणं, कूस बदलताना 'आता वळवते हं' असं आधी सांगणं, हीसुद्धा करुणाच आहे. डोळ्यांत पाणी नसतानाही ती पुरेपूर असते. आणि पत्रावरून तरी तुम्ही हे त्या रात्रीही केलं होतं.

आपल्या गावात सेवा म्हटलं की डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं नाव निघतं, आणि ते योग्यच आहे. १९१० मध्ये सोलापुरात जन्मलेला हा माणूस १९३८ मध्ये युद्धात होरपळणाऱ्या चीनला गेला आणि १९४२ मध्ये, वयाच्या अवघ्या ३२व्या वर्षी, तिथेच वारला. त्यांच्यापुढे मान झुकतेच. पण रणांगणावरच्या वैद्यकाचा त्याग हा ११ वर्षं चालणाऱ्या रोस्टरचा नमुना होऊ शकत नाही. 'सेवा आहे, तक्रार कसली' असं कुणी म्हणालं, तर हा फरक मनात ठेवा.

'मी थकले' या दोन शब्दांत तीन-चार वेगळे थकवे लपलेले असतात आणि प्रत्येकाचा उपाय निराळा. चुकीच्या थकव्यावर चुकीचा उपाय केला, की सुट्टी घेऊनही बरं वाटत नाही आणि माणूस स्वतःलाच दोष देतो.

पहिला बर्नआउट. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ मध्ये आयसीडी-११ या वर्गीकरणात तो कामाच्या ठिकाणी उद्भवणारी अवस्था म्हणून नोंदवला, आजार म्हणून नाही. हळूहळू चढणारी दमणूक, कामाबद्दल कडवटपणा, 'आपण करतो त्याचा काही उपयोग नाही' ही भावना. याचं मूळ माणसात कमी आणि रोस्टरमध्ये जास्त असतं. दुसरा म्हणजे दुसऱ्याच्या आघाताचा लागलेला मार. तो अचानक येतो, बहुधा एखाद्या ठरावीक पेशंटनंतर, आणि वास, आवाज, चित्रं घेऊन येतो. तुमचा तवा इथला. तिसरा नैतिक घुसमटीचा. १९८४ मध्ये अँड्र्यू जेमटन यांनी तो नर्सिंगच्या संदर्भात मांडला: योग्य काय ते कळतं, पण व्यवस्था ते करू देत नाही. डामाच्या वेळी नातेवाइकाच्या हाती अंबू बॅग (हातानं दाबून श्वास देण्याची पिशवी) देताना होतं ते हेच, आणि दीर्घ श्वास घेऊन ते जात नाही. चौथं डिप्रेशन. ते ड्युटीपुरतं थांबत नाही. आपली गड्ड्याची यात्रा, आवडती भाजी, मुलाचं हसणं, सगळंच बेचव होतं. ढोबळ खूण अशी की सलग सुट्टीच्या तिसऱ्या दिवशीही काहीच हलत नसेल, तर चौथ्याचा विचार करावा.

स्वतःचं माप घ्यायला 'प्रोक्वॉल' ही प्रश्नावली आहे. बेथ हडनॉल स्टॅम यांनी ती तयार केली आणि ती फुकट मिळते. मागच्या ३० दिवसांबद्दल ३० विधानं असतात आणि गुण तीन वेगळ्या खात्यांत पडतात: कामातलं समाधान, बर्नआउट, आघाताचा मार. तिन्हींची बेरीज करायची नसते, तिथेच बरेच जण चुकतात. बर्नआउट जास्त आणि आघात कमी असेल तर प्रयत्न रोस्टरवर करा. उलटं असेल तर समुपदेशकाकडे आधी जा. हे निदान नव्हे. कागद वॉर्डात ठेवू नका. तीन महिन्यांनी पुन्हा भरा आणि आधीच्याशी ताडून बघा.

तुमच्या कामात कुठल्याच गोष्टीला शेवट मिळत नाही, आणि मला सगळ्यात घातक हेच वाटतं. एका बेडवरचा जीव गेला की दुसऱ्या बेडचा पंप वाजतो. म्हणून छोटे छोटे शेवट स्वतःच तयार करावे लागतात, आणि तेही ड्युटीच्या आतच, कारण बाहेर वेळ नसतो. हँडरब (हात निर्जंतुक करायचं द्रावण) नीट चोळायला २० ते ३० सेकंद लागतातच, आणि तो शिफ्टमध्ये कितीतरी वेळा होतो. ती जागा वापरा. दोन्ही पाय जमिनीवर, चार मोजत श्वास आत, सहा मोजत बाहेर, असं दोनदा. झाले २० सेकंद. पहिल्या श्वासाला मागचा पेशंट सोडायचा, दुसऱ्याला पुढच्याचं नाव मनात घ्यायचं. नाव घ्यायचं, 'चार नंबर' नाही. डोळे उघडे ठेवा, मॉनिटर दिसत राहिला पाहिजे. आणि कोड (हृदय बंद पडल्यावरची धावपळ) चालू असताना हे करायचं नाही, तेव्हा फक्त काम.

मृत्यूनंतरचा शेवट थोडा मोठा हवा. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात जोनाथन बार्टल्स या नर्सनं एक साधी रीत सुरू केली. डॉक्टरांनी मृत्यू घोषित केला की कागदांना हात लावण्याआधी सगळे जण बेडभोवती पाऊण मिनिट ते एक मिनिट गप्प उभे राहतात. आपल्याकडे कुणीतरी एकानं इतकंच म्हणावं, "एक मिनिट थांबू या. ही कुणाची तरी लेक होती. आपण हिच्यासाठी जमेल ते सगळं केलं." मग शांतता. प्रार्थना म्हणायची नाही, म्हणजे कुठल्याही धर्माच्या पेशंटला आणि स्टाफला ते चालतं. वॉर्डातल्या मदतनीस मावशी आणि मामांनाही बोलवा, देह उचलायचं काम त्यांच्याच वाट्याला येतं. हे बिघडतं ते सक्तीचं केलं की. फॉर्मवर 'शांतता पाळली, होय/नाही' असा रकाना आला की त्यातला जीव गेला. नातेवाईक आक्रोश करत असतील तर आधी त्यांच्याजवळ जा, हे नंतर करा.

त्या आईबद्दल. "डॉक्टरांशी बोला" हे चुकीचं उत्तर नव्हतं, अर्धं होतं. पेशंट गंभीर आहे की गेला, हे सांगायचं काम डॉक्टरांचंच. तुम्ही "मी डॉक्टरांना बोलावते, ते येईपर्यंत इथंच आहे" म्हणू शकता आणि दोन मिनिटं खरंच तिथं उभ्या राहू शकता. आणि सोलापुरात निम्मा थकवा भाषेचा असतो. शहराच्या पूर्व भागातून आलेली आजी तेलुगू बोलते, अक्कलकोटकडचे आजोबा कन्नड, आणि आपण सारखे अंदाज बांधत राहतो. तो ताण आहे म्हणून कुणी मोजत नाही. 'नोप्पी उंदा?', म्हणजे दुखतंय का, एवढे दोन शब्द आले तरी पेशंटचा चेहरा बदलतो. तेलुगू आणि कन्नड बोलणाऱ्या सहकाऱ्यांकडून दहा-दहा वाक्यं कार्डावर मराठी अक्षरांत लिहून घ्या आणि नर्सिंग स्टेशनला चिकटवा. दुखतंय का, पाणी हवं का, घाबरू नका, कोण आलंय बरोबर. एवढ्यावर एक रात्र निघते.

सहकाऱ्यांशी बोला, पण बेतानं. चहाच्या वेळी भाजलेल्या त्वचेचं वर्णन करून मन मोकळं केलं, की ते चित्र ऐकणारीच्या डोक्यात जाऊन बसतं. आधी विचारायचं, "जड आहे, ऐकशील का?" ती नको म्हणाली तर राग नाही. सांगताना काय दिसलं त्यापेक्षा तुम्हाला काय वाटलं ते सांगा. वॉर्डाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जखमांचे फोटो फिरत असतील तर ते बंद करायला लावा, त्यात पेशंटची गुप्तताही जाते. व्यवस्थापन कधीतरी घटनेनंतर सगळ्यांना एका खोलीत बसवून सविस्तर सांगायला लावतं. अशा एकवेळच्या सक्तीच्या बैठकांनी पुढचा त्रास टळतो असं अभ्यासांत दिसलेलं नाही, काहींना उलट त्रासच होतो. बसायचं की नाही ते ज्याचं त्यानं ठरवावं.

डामाचा राग नातेवाइकांवर काढू नका, स्वतःवरही नाही. डामाची वेळ सहाव्या दिवशी येते आणि काम पहिल्या दिवशी करायचं असतं. ॲडमिशनच्या वेळीच विचारा: रेशनकार्ड, आधार आणलंय का? रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत असेल तर आरोग्यमित्राची (योजनेसाठी मदत करणाऱ्या माणसाची) गाठ त्याच दिवशी घालून द्या. योजनेत नसेल तर रोजचा अंदाजे खर्च बिलिंगनं पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावा आणि सिव्हिलला हलवायचं झालं तर पेशंट स्थिर असताना हलवावं, असं तुम्ही इन्चार्जना सुचवू शकता. सगळे डामा थांबणार नाहीत. निदान काही पेशंट रात्री दोनला रिक्षात अंबू बॅग दाबत जाण्याऐवजी दुपारी ॲम्ब्युलन्समधून जातील.

झोपेबद्दल थोडंसं. नाइटला चहा-कॉफी तीननंतर बंद. सकाळी डोळे मिटत असतील तर गाडीला किक मारण्याआधी चेंजिंग रूममध्ये १५-२० मिनिटांची डुलकी काढा. रात्रपाळीनंतरचा दुचाकीप्रवास खरोखर धोक्याचा आहे. जुळे सोलापूरकडे जाताना विजापूर रोडला कंबर तलावापाशी पाच मिनिटं थांबता येईल, ड्युटी तिथं संपली असं स्वतःला सांगायला. घरी खिडकीला जाड चादर लावून खोली अंधारी करा, ती तर तुमच्या दुकानातच आहे. मे महिन्यात पारा ४२-४३ला गेला की पत्र्याखालच्या किंवा वरच्या मजल्यावरच्या खोलीत दिवसा झोप लागत नाही. तळमजल्यावरची खोली मागून घ्या. नवऱ्याला वॉर्डातला तपशील सांगायची गरज नाही. "आज जड होतं" एवढं म्हटलं की पहिली वीस मिनिटं मुलाला आणि सासूबाईंना त्यानं सांभाळायचं, हे आधीच ठरवून ठेवा.

आणि रक्त तपासून घ्या: हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-१२. ११ वर्षं नाइट करणाऱ्या बाईचा सगळाच थकवा मनाचा असतो असं नाही, आणि नर्सेस स्वतःच्या तपासणीत सगळ्यात मागे असतात.

थांबायचं नाही अशा खुणाही सांगितल्या पाहिजेत. वास आणि चित्रं महिन्यावर टिकली, दोन आठवडे सलग उदास वाटलं, औषधाच्या मात्रेत चूक होता होता वाचली, झोपेसाठी वॉर्डातलं इंजेक्शन किंवा गोळी घ्यावीशी वाटली, किंवा 'आपण नसलो तर बरं' असा विचार आला, तर मानसोपचारतज्ज्ञ. शेवटच्या दोन गोष्टींसाठी त्याच दिवशी. तुमच्या वासाला महिना होत आलाय, म्हणून तुम्ही या आठवड्यातच जा. ओळखीच्या डॉक्टरांकडे संकोच वाटत असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास आणि मोफत आहे, मराठीतही बोलता येतं. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानं मानसिक आजाराला विम्यात शारीरिक आजाराइतकंच स्थान दिलं आहे, रुग्णालयानं स्टाफसाठी पॉलिसी काढली असेल तर ती बघा.

राजीनामा फाडू नका आणि देऊही नका. नोकरी सोडणं हा पराभव नाही. पण आघाताचा वास दुकानात बसल्यानं जाणार नाही, तवा तर घरीच असेल. आणि बर्नआउटचा उपाय कधीकधी नोकरी न सोडता, आयसीयू सोडून होतो. डायलिसिस, ओपीडी, ऑपरेशन थिएटर, इन्फेक्शन कंट्रोल, कॉलेजात शिकवणं, हे सगळं नर्सिंगच आहे. आधी सहा महिन्यांची बदली मागा. उपचार आणि बदली या दोन्हींनंतरही मन दुकानाकडेच ओढत असेल, तर खुशाल जा.

बदलीचा अर्ज कसा लिहाल त्यावर बरंच अवलंबून आहे. 'मला ताण आहे' असं लिहिलंत तर ती तुमची खासगी अडचण ठरते आणि फाइलला लागते. त्याऐवजी आजपासून एका छोट्या वहीत रोज एक ओळ लिहा: तारीख, शिफ्ट, तुमच्याकडे किती पेशंट, त्यातले व्हेंटिलेटरवर किती, डबल ड्युटी झाली का, मृत्यू किती. पेशंटचं नाव किंवा आयपीडी नंबर लिहायचा नाही. व्हेंटिलेटरवरच्या पेशंटमागे एक नर्स हा मान्य निकष आहे, आणि तुमच्याकडे दोन असतात, वर तिसरा पेशंट. एवढ्या नोंदींवर अर्जात तीनच मागण्या ठेवा: सलग तीनपेक्षा जास्त नाइट नकोत, मृत्यू झालेल्या शिफ्टनंतर पुढच्या ड्युटीला त्याच प्रकारचा पेशंट नको, आणि सहा महिन्यांसाठी विभाग बदल. विषयाच्या ओळीत 'रुग्णसुरक्षा' हा शब्द येऊ द्या. दोन-तीन सहकाऱ्यांच्या सह्या मिळाल्या तर इन्चार्ज सिस्टरनाही तो वर न्यायला सोपा जाईल. त्याही कधीकाळी याच बेडांमधून फिरल्या आहेत, 'सवय व्हायला हवी' हे त्यांनाही कुणीतरी सांगितलं असणार. रोस्टर २५ तारखेला लागतं असं तुम्ही लिहिलंय, तर अर्ज २०च्या आत द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.